दाद आणि मोजदाद

१

वाङ्मय आणि वाचक यांच्यामध्ये कोणते ना कोणते साधन उभे असतेच. कीर्तनकाराचा आवाज, पोथीचे पान, छापखान्याचा खिळा, मासिकाचा अंक, आकाशवाणीचा ध्वनिक्षेपक ही सारी अशीच साधने होत. साधन पालटले की वाङ्मयाचे रूपही थोडेबहुत पालटते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेशी सिद्ध केली आहे. मुद्रणाने गद्याला पुढे आणले. मासिकांनी लघुकथेला तिचा आटोपशीर आकार दिला. या स्थित्यंतरांची चर्चा आपल्या टीकाकारांनी वेळोवेळी केलेली आहे. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्या साधनाने मराठी मजकूर सर्वाधिक हातांत पोहोचविला, त्या समाजमाध्यमांकडे आपल्या समीक्षेने बहुधा उपेक्षेने किंवा विनोदाने पाहिले आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, ट्विटर यांवर लिहिले जाते ते वाङ्मय नव्हेच, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी न्याय्य नाही.

या साधनाचे एक वैशिष्ट्य पूर्वीच्या कोणत्याही साधनात नव्हते, ते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. छापखाना एकदा उभा राहिला की पिढ्यानुपिढ्या तोच राहतो. हे साधन मात्र वरचेवर बदलते, आणि तेही रात्रीत बदलते. आज नवी कळ येते, उद्या जुनी जाते. लेखकाला विचारून हे होत नाही आणि वाचकालाही विचारून होत नाही. या बदलांमागे एक निश्चित हेतू असतो. वाचक किती वेळ थांबला, त्याने किती वेळा बोट लावले, किती जणांना मजकूर पुढे धाडला, या साऱ्याच्या बेरजेला त्या व्यवसायात 'एंगेजमेंट' असे नाव आहे. मराठीत तिला 'गुंतणूक' म्हणावयास हरकत नाही. ही बेरीज वाढावी यासाठी प्रत्येक नवी सोय असते.

आपल्या भाषेने या ठिकाणी एक फरक फार पूर्वीच करून ठेवला आहे. मासा जाळ्यात गुंततो; श्रोता कीर्तनात रंगतो. गुंतलेल्याला सुटता येत नाही. रंगलेल्याला सुटावेसे वाटत नाही, आणि तो उठून घरी गेला तरी रंग त्याच्याबरोबर जातो. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाला 'सविकल्प समाधी' म्हटले, तेव्हा स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भावस्थितीशी एकरूप होण्याची अवस्था त्यांना अभिप्रेत होती. ती रंगण्याची अवस्था आहे. समाजमाध्यमाच्या एकामागून एक आलेल्या सोयींनी रंगण्याचे रूपांतर गुंतण्यात आणि दादेचे रूपांतर मोजदादीत कसे केले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखकाला जेवढा भिडेल त्याहून अधिक तो पांढुर्णा आणि सौंसर येथील लेखकाला भिडतो, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. १९५६ पूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हा सारा टापू नागपूरच्या वाङ्मयीन वर्तुळात सहज सामावलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. त्याबरोबर पांढुर्णा व सौंसर येथील मराठी भाषक हिंदी राज्याचे रहिवासी झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हा भाग वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. पण सरकारदरबारची भाषा हिंदीच आहे आणि बहुतेक शाळांचे माध्यमही हिंदीच आहे. घरात मराठी, वर्गात हिंदी अशी ही दोन अंगणांची वस्ती आहे.

अशा ठिकाणी मराठीत लिहिणाऱ्याला लिहिण्याचे स्थान कोठे होते? नागपूरच्या नियतकालिकाकडे टपालाने कविता धाडावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची, एवढेच. पुष्कळांनी तेवढेही केले नाही. मराठी त्यांच्या ओठांवर राहिली, बोटांवर आली नाही. ती बोटांवर आणण्याचे काम फोनने केले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्या मुलाने शाळेत निबंध हिंदीतून लिहिला, तोच मुलगा मित्राला मराठीत लिहितो. आणि जी गृहिणी वर्षानुवर्षे काही लिहीत नव्हती, ती नातेवाइकांच्या गटावर पोळ्याच्या आठवणी चार परिच्छेदांत लिहिते.

यात बोलीचा लाभ विशेष आहे. 'मले', 'तुले', 'करून राह्यला' ही येथील बोलीची रूपे मुद्रणात क्वचितच आली. आली तेव्हा बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी आली. आता ती साध्या, गंभीर, घरगुती मजकुरात येतात. त्यांकडे पाहताना शिक्षकाने एक विवेक ठेवला पाहिजे. 'शाळा' या शब्दाऐवजी कोणी 'शाया' लिहिले आणि 'डोळा' याऐवजी 'डोया' लिहिले, तर तो त्याच्या तोंडचा उच्चार आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत 'ळ'चा 'य' होतो आणि लिहिणाऱ्याने तो प्रामाणिकपणे लिहिला आहे. परंतु त्याच शब्दाचे 'शाला' असे रूप दिसले, तर तेथे बहुधा हिंदी कळफलकाचा हात असतो, कारण त्यावर 'ळ' चटकन सापडत नाही. 'वऱ्हाड' या शब्दातला अर्धा रफार तर अनेकांना साधतच नाही, आणि 'व-हाड' अशी मोडकी जुळणी करून ते वेळ भागवितात. 'ॲ' हे अक्षरसुद्धा युनिकोड या जागतिक अक्षरसंचात २००८ साली स्वतंत्रपणे आले. पहिला दोष नव्हेच, तो बोलीचा हक्क आहे. दुसरा साधनाचा दोष आहे. दोहोंवर एकच लाल रेघ ओढणारा शिक्षक बोलीचे नुकसान करतो.

तात्पर्य, या साधनाचे ऋण मोठे आहे. म्हणूनच त्याची परीक्षाही काटेकोर झाली पाहिजे. ज्याच्याजवळ दुसरे व्यासपीठ आहे त्याला या व्यासपीठाच्या लहरीपणाची फारशी झळ लागत नाही. ज्याच्याजवळ एवढेच आहे त्याची अभिरुची मात्र त्यावरच घडते.

३

प्रथम रूपाचा विचार करू. मर्यादा ही वाङ्मयाची शत्रू नव्हे. मोठ्या अभंगाचे कडवे सहा, सहा, सहा आणि चार अशा बावीस अक्षरांत बसते आणि त्या बावीस अक्षरांत संतांनी काय मावविले ते सांगावयास नको. तेव्हा ट्विटरने २००६ साली १४० चिन्हांची मर्यादा घातली यात मुळात तक्रार करण्याजोगे काही नाही. फोनच्या लघुसंदेशात १६० चिन्हे मावत, त्यांतील २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून ती संख्या आली होती. आपल्याकडेही या आटोपशीरपणात काहींनी चांगली चारोळी लिहिली, मार्मिक विधान केले.

परंतु ही मर्यादा आणि आपला छंद यांत दोन भेद आहेत. पहिला मोजण्याच्या मापाचा. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर. छंदःशास्त्रात तो एक गुरू, म्हणजे दोन मात्रा. 'कमल' या शब्दाची अक्षरे तीन आणि मात्राही तीन. यंत्र मात्र 'स्त्री' मोजताना स, त, र, दोन हलन्तचिन्हे आणि एक ईकार अशी सहा चिन्हे मोजते, आणि 'कमल' तीनच चिन्हांत बसते. म्हणजे जे अक्षर मात्रांनी लहान ते येथे दुप्पट जागा खाते. जोडाक्षरांनी समृद्ध असलेल्या भाषेला हे माप कधीच पूर्णपणे अनुकूल होणार नाही. कानाने बांधलेला छंद आणि संकेतांकांनी बांधलेली चौकट यांतला हा फरक आहे.

दुसरा भेद स्थैर्याचा. अभंगाचा साचा शतकानुशतके तोच राहिला, म्हणून प्रत्येक पिढीला त्याच्याशी झुंज घेता आली, त्यात नवी लय शोधता आली. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे नियम सांगितले. परंतु विरोध निर्माण होण्यासाठीसुद्धा ज्याला विरोध करावयाचा ते काही काळ स्थिर असावे लागते. ट्विटरची मर्यादा ७ नोव्हेंबर २०१७ रोजी एकदम २८० झाली, आणि २०२३ पासून वर्गणी भरणाऱ्यास हजारो चिन्हांची मुभा मिळाली. पैसे दिल्यावर सैल होणारा छंद जगाने याआधी पाहिला नसावा. रूपाशी लेखकाची ओळख पक्की होण्यापूर्वीच रूप नाहीसे होते.

याहूनही दूरगामी परिणाम एका बारीकशा सोयीने केला आहे. मजकूर लांब झाला की पडद्यावर त्याच्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि पुढे 'आणखी वाचा' अशी कळ येते. वाचकाने ती दाबावी यासाठी लेखक पहिल्या ओळीत काहीतरी ओरडून सांगू लागला. चालू मराठी मजकुरांवर नजर टाकली तर त्यांची ठेवण ओळखू येते: प्रारंभी एक धक्कादायक वाक्य, मग एका वाक्याचा एक परिच्छेद, मधूनमधून उद्गारचिन्हांच्या रांगा, आणि शेवटी 'तुम्हाला काय वाटते?' असा प्रश्न. हा प्रश्न जिज्ञासेतून आलेला नसतो. खाली प्रतिक्रिया पडाव्यात म्हणून तो टाकलेला असतो. विचाराला वळण देणारे दीर्घ वाक्य, 'तथापि' आणि 'यास्तव' यांनी जोडलेला युक्तिवाद, हळूहळू उलगडणारे वर्णन या गोष्टी अशा मजकुरातून निघून जातात. त्यांना कोणी बंदी केलेली नाही. त्या मोजणीत भरत नाहीत, एवढेच.

४

आता दादेकडे वळू. 'लाइक'ची कळ फेसबुकने ९ फेब्रुवारी २००९ रोजी आणली. ट्विटरने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपली चांदणी काढून तेथे हृदय बसविले. चांदणीचा उपयोग पुष्कळ जण खुणेसाठी, मजकूर पुन्हा वाचावयाचा म्हणून करीत. हृदय आल्यावर वाचनखुणेची आवड-निवड झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये फेसबुकने एका कळीऐवजी सहा केल्या: पसंतीच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि संताप.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला या यादीकडे पाहून कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. भरताने रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायी भाव सांगितले. त्यांतील रती, हास, विस्मय, शोक आणि क्रोध हे पाच या यादीत जसेच्या तसे उतरले आहेत. उत्साह, भय आणि जुगुप्सा तेवढे बाहेर राहिले. दोन हजार वर्षांच्या अंतराने, एकमेकांची खबरबात नसताना, मानवी भावांची गणना इतकी जुळावी हे भरताच्या निरीक्षणाचे मोठेपण होय.

परंतु साम्य येथेच संपते, आणि जेथे संपते तेथेच आपला मुद्दा आहे. भरताने भाव मोजले ते रसाची सामग्री म्हणून. भाव म्हणजे रस नव्हे. शोक हा लौकिक भाव आहे, करुण हा रस आहे. आणि शोकापासून करुणापर्यंत जाण्यासाठी साधारणीकरणाची वाट चालावी लागते. कवितेतले दुःख कवीचे राहत नाही, वाचकाचेही राहत नाही, ते सर्वांचे होते, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते, असा भट्टनायक-अभिनवगुप्तांचा विचार आहे. या वाटेला वेळ लागतो. कळ मात्र वाटेच्या पहिल्या पायरीवरच हाताशी येते. एखाद्याने वडिलांवर कविता लिहिली की वाचक रडका चेहरा दाबतो आणि पुढे सरकतो. त्याची भावना खोटी असते असे नाही. पण ती शोकापाशीच थांबते. तिला करुणापर्यंत पोहोचण्यास जो क्षणभराचा मुक्काम हवा होता, तोच कळीने हिरावून घेतलेला असतो.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. या भावचिन्हांना यंत्राने सारखे वजन दिलेले नव्हते. २०१७ पासून फेसबुकच्या गणितात यांतील प्रत्येक भावचिन्ह साध्या पसंतीच्या पाचपट मोलाचे धरले जात होते, आणि संतापाचे चिन्हही त्यात आले, ही गोष्ट २०२१ साली कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले तेव्हा जगाला कळली. संतापाचे वजन कालांतराने काढून टाकण्यात आले. परंतु मधल्या काही वर्षांत ज्या मजकुराने लोक चिडले तो मजकूर शांतपणे आवडलेल्या मजकुरापेक्षा अधिक डोळ्यांपुढे गेला. आठ भावांपैकी क्रोधाला एवढे मानाचे पान देणारा साहित्यशास्त्रज्ञ आपल्याकडे झाला नाही.

पांढुर्ण्याच्या वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि तो मिळविण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव अशा दोन तीरांवरून गोटमार होते. तिची दृश्ये दरवर्षी देशभर जातात. पांढुर्ण्याचे नाव अनेकांना तेवढ्यापुरतेच ठाऊक असते. आदल्या दिवशी, पोळ्याच्या तोरणाखाली, ज्या झडत्या म्हटल्या जातात त्या मात्र गावाच्या शिवेबाहेर पडत नाहीत. दगड दूर जातो आणि शब्द जागीच राहतो, अशी निवड या साधनाने आपल्या वतीने केली आहे.

५

दादेइतकाच महत्त्वाचा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. मौखिक परंपरेत रचना एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते तेव्हा कर्त्याचे नाव गळून पडण्याचा धोका असतो, हे आपल्या संतांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी अभंगाच्या अखेरच्या चरणातच आपले नाव गुंफले. ही नाममुद्रा छंदाचाच भाग असल्यामुळे ती काढली तर चरण मोडतो. एवढी काळजी घेऊनही गाथांत प्रक्षिप्त रचना शिरल्या आणि संशोधकांना त्या निवडीत बसावे लागले. मग ज्या साधनात नाव काढणे हे केवळ एका बोटाचे काम आहे, तेथे काय होत असेल?

तेथे दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी घडतात. अप्रसिद्ध लेखकाचे नाव कापले जाते आणि त्याची कविता निनावी फिरते. उलट प्रसिद्ध लेखकाच्या नावावर त्याने कधी न लिहिलेला मजकूर चढविला जातो. पु. ल. देशपांडे यांच्या नावाने फिरणाऱ्या कित्येक उताऱ्यांत त्यांची एकही लकब आढळत नाही, हे त्यांच्या कोणत्याही सावध वाचकाच्या ध्यानात येईल. दोन्ही प्रकारांचे मूळ एकच: पुढे धाडणाऱ्याला मजकूर चालावा असे वाटते, तो कोणाचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सौंसरच्या एखाद्या होतकरू कवीची ओळ महिन्याभराने दुसऱ्याच्या नावाने त्याच्याच फोनवर परत यावी, यात त्याची झालेली हानी लहान नाही. त्याच्याजवळ पुस्तक नाही, अंक नाही. ती ओळ त्याचीच, हे सिद्ध करणारा कागद त्याच्यापाशी नाही.

या ठिकाणी कंपन्यांनी एकदा एक योग्य पाऊल उचलले, परंतु त्याला कारण व्हावयास माणसे मरावी लागली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. देशात इतरत्रही त्या सुमारास अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी मजकूर धाडता येऊ नये अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असा नियम झाला. त्यानंतर अशा मजकुराची ये-जा ७० टक्क्यांनी घटली, असे कंपनीनेच सांगितले.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, बोटाला थोडा अडसर घातला तर माणूस थोडा थांबतो. म्हणजे न थांबण्याची सवय ही माणसाचा स्वभाव नसून रचनेचा परिणाम आहे. दुसरा असा की, तो शिक्का अपुरा आहे. मजकूर धाडणाऱ्याचा नव्हे एवढेच तो सांगतो. कोणाचा आहे हे सांगत नाही. अफवेच्या बंदोबस्ताला एवढे पुरले असेल, वाङ्मयाच्या न्यायाला पुरत नाही.

६

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. दाद पूर्वीही मोजली जात नव्हती काय? नाटकाचे प्रयोग मोजले जात, पुस्तकाच्या आवृत्त्या मोजल्या जात, संगीत नाटकात 'वन्समोअर' किती पडले याची चर्चा होई. लोकप्रियतेला नाक मुरडणारी समीक्षा आणि लोकांनी डोक्यावर घेतलेले लेखक यांचे भांडण तर फार जुने आहे. मग बिचाऱ्या फोनलाच दोष का?

याचे उत्तर असे की, त्या मोजणीने निर्मितीत हात घातलेला नव्हता. प्रयोगांची शंभरी भरली ती नाटक लिहून झाल्यावर. येथे आकडा मजकुराच्या शेजारीच उभा असतो, वाचण्यापूर्वीच वाचकाला दिसतो, आणि पुढचे काय लिहावे हे लेखकाला शिकवितो. शाळेत एखादा विद्यार्थी आपली कविता दाखविताना ती किती जणांना आवडली हे आधी सांगतो आणि कविता मागाहून. त्याने आकड्याकडून दोन गोष्टी शिकून घेतलेल्या असतात: आईवर लिहिले तर चालते, आणि चार ओळींपेक्षा अधिक लिहिले तर चालत नाही. या दोन्ही गोष्टी कोणत्याही गुरुजींनी त्याला सांगितलेल्या नाहीत. कंपन्यांनाही हे अगदीच कळलेले नाही असे नव्हे. इन्स्टाग्रामने मे २०२१ मध्ये पसंतीचा आकडा झाकून ठेवण्याची मुभा दिली. मात्र ती ऐच्छिक होती, आणि सवय जडलेल्याला ऐच्छिक संयम सहसा साधत नाही.

याच्या उलट बाजूला 'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन यांचे उदाहरण ठेवून पाहावे. लेखकाच्या हस्तलिखितावर विचार करून त्याला सूचना करणारा, पुन्हा लिहावयास लावणारा असा तो एक वाचक होता. आकड्याच्या हिशोबात तो एकच; पण त्या एका वाचकाने कितीतरी कथा घडविल्या. 'सत्यकथे'विरुद्ध बंड करणाऱ्या लघुअनियतकालिकांनीही साधन स्वतःच्या हाती घेतले. चक्रमुद्रित पाने काढणारा तरुण आपल्या अंकाचा आकार, लांबी आणि मांडणी स्वतः ठरवीत होता. आजचा लेखक स्वतंत्र आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या पानाचा संपादक एक अदृश्य गणित आहे, आणि त्या गणिताला मराठी येत नाही.

आणि आपल्याच मातीतले उदाहरण पाहावयाचे तर झडतीचे पाहावे. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात. एक जण पुढे होऊन झडती म्हणतो. तीत सावकाराला टोला असतो, पुढाऱ्याला चिमटा असतो, महागाईचे गाऱ्हाणे असते. ती संपली की सारा गाव महादेवाचा जयघोष करतो. हा जयघोष प्रत्येक झडतीला मिळतो, चांगलीला आणि साधारणीलाही. तो आकडा नव्हे, ती सोबत आहे. मग चांगली झडती कोणती हे गावाला कसे कळते? पुढच्या वर्षी जी कोणाला तरी पाठ असते ती चांगली. रचना आणि निर्णय यांच्यामध्ये एक पूर्ण वर्ष जाते, आणि त्या वर्षात स्मरणाची चाळणी आपले काम करते. चोवीस तासांनी आपोआप पुसले जाणारे 'स्टेटस' फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर आले, तेव्हा या चाळणीलाच रजा मिळाली.

७

मग करावयाचे काय? साधनावर बहिष्कार घालणे शक्य नाही, आणि या टापूत तर ते आत्मघाताचे होईल. साधनाकडून पोहोच घ्यावी. माप मात्र घेऊ नये, एवढाच विवेक शिकवावयाचा आहे, आणि तो शिकविण्याचे काम शिक्षकांचे व साहित्यसंस्थांचे आहे.

त्यासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. विद्यार्थ्याने आपल्या मजकुराच्या शेवटच्या ओळीतच आपले व गावाचे नाव गुंफावे. संतांची नाममुद्रा ही जुनी रीत आज पुन्हा उपयोगी पडण्याजोगी आहे. गटावर कोणाची कविता आली तर शिक्षकाने चिन्ह दाबण्याऐवजी दोन वाक्ये लिहावीत: कोणता शब्द लागला आणि कोणता खटकला. ती दोन वाक्ये वाचून बाकीचेही लिहू लागतील. बोलीतील मजकुराला शुद्धलेखनाच्या चुका म्हणून हिणवू नये. आणि कळफलकाने केलेल्या चुका मात्र आवर्जून दाखवाव्यात, मराठी कळफलक कसा बसवावयाचा ते वर्गात पाच मिनिटे शिकवावे.

सर्वांत महत्त्वाचे काम संग्रहाचे आहे. ही व्यासपीठे कायमची नाहीत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. भारतीय भाषांसाठी म्हणून निघालेले 'कू' २०२४ च्या जुलैत बंद पडले. त्यांवर लिहिणाऱ्यांनी वेगळी प्रत ठेवली नसेल तर ते लेखन त्यांच्यासह गेले. पांढुर्णा आणि सौंसर येथील शाळांनी वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीपूर्वी, विद्यार्थी आणि पालक यांनी फोनवर लिहिलेल्या मराठी मजकुरातून निवड करावी आणि ती कागदावर उतरवावी. निवडताना आकडा पाहू नये. ज्याने लिहिले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला तो मजकूर अजून आठवतो काय, एवढेच विचारावे. त्यातच पोळ्याच्या झडत्या, म्हणणाऱ्याच्या नावासह, उतरवून घ्याव्यात. साहित्यसंस्थांनी अशा हस्तलिखितांची एक प्रत आपल्या ग्रंथालयात ठेवण्याचे मान्य केले, तर सीमेपलीकडच्या मराठीचा हा पुरावा पुढील अभ्यासकाच्या हाती लागेल.

दाद ही देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाणारी गोष्ट आहे, आणि तीत देणाऱ्याचाही काही अंश खर्च होतो. जेथे काहीच खर्च होत नाही तेथे आकडे कितीही वाढले तरी कवीच्या हाती काही पडत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना एवढे कळले, तर नव्या कळी येवोत की जुन्या जावोत, त्यांच्या लेखनाचा काटा त्यांच्याच हाती राहील.